कामाचा दाखला

नोकरीसाठी अर्ज करायचा म्हटला की आपल्याकडे बहुतेक जण स्वतःविषयी लिहायला बसतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. सगळ्यात वर ठळक अक्षरांत ‘बायोडेटा’. त्याखाली संपूर्ण नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, कायमचा पत्ता. मग दहावीपासूनच्या टक्केवारीचा तक्ता. आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीबरोबर स्वतःची प्रगती साधण्याचे एक उद्दिष्ट, तेही पाठ केलेल्या इंग्रजीत. छंद : वाचन, क्रिकेट, संगीत ऐकणे. आणि तळाशी ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ अशी प्रतिज्ञा, स्थळ, दिनांक, सही. तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात हा साचा कॉम्प्युटरवर तयार असतो. आधीच्या गिऱ्हाइकाचे नाव पुसायचे, नव्याचे घालायचे, प्रिंट मारायची. कधी कधी आधीच्याचे छंद तसेच राहून जातात. साचा आला कुठून हे ओळखायला फार डोके लागत नाही. निम्मा सरकारी अर्जाच्या नमुन्यातून उचललेला आहे, निम्मा लग्नाच्या बायोडेटातून. आपापल्या जागी दोन्ही बरोबर आहेत. सरकारी भरतीत आधी पात्रता तपासतात, म्हणून वय, प्रवर्ग, अधिवास आणि प्रतिज्ञा लागते. स्थळ पाहणाऱ्यांना घराणे, मामेकूळ, उंची आणि शेती कळायला हवी असते. खासगी कारखान्यात, दुकानात, दवाखान्यात किंवा सॉफ्टवेअर कंपनीत माणूस घेणाऱ्याला यातले जवळजवळ काहीच नको असते. त्याचे एक काम अडलेले असते, आणि ते समोरच्याच्या हातून निभेल की नाही याची त्याला धास्ती असते. या पुस्तकाचे सगळे म्हणणे त्या धास्तीपाशी सुरू होते. रेझ्युमे म्हणजे तिला पुराव्यानिशी दिलेले उत्तर. त्या उत्तराला हातभार न लावणारी ओळ शंभर टक्के खरी असली तरी तिला त्या कागदावर जागा नाही.

माणूस घेणारा निवांत नसतो, हे आधी लक्षात घ्यावे. चाकण, वाळूज किंवा सातपूरच्या एमआयडीसीतला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा पन्नास-साठ कामगारांचा एखादा कारखाना घ्या. एक व्हीएमसी ऑपरेटर सोडून गेला आहे; मशीनचे हप्ते चालू आहेत आणि माल मागणारी मोठी कंपनी फोनवर फोन करते आहे. एचआरचे काम बघणारी मुलगी (अशा ठिकाणी पगारपत्रक, कॅन्टीन आणि गेटपासही बहुधा तिच्याचकडे असतात) मोबाइलवर जाहिरात टाकते, आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर बायोडेटांची रांग लागते. तिला पाहायचे असते ते मोजकेच. मशीन कोणते चालवले आहे, कंट्रोल फानुकचा की सीमेन्सचा, नुसता जॉब लावून सायकल सुरू करतो की सेटिंगही करतो, रात्रपाळी चालेल का, राहतो कुठे, आधीच्या ठिकाणी किती टिकला. ‘लॅडर्स’ या अमेरिकन नोकरी-संकेतस्थळाने भरती करणाऱ्यांची नजर कागदावर कुठे फिरते हे यंत्राने टिपले होते. २०१२ साली पहिल्या चाळणीला सरासरी सहा सेकंद लागतात असे त्यात निघाले, २०१८ च्या फेरपाहणीत ७.४ सेकंद. हे आकडे आता सल्ले देणाऱ्या सगळ्यांच्या तोंडी आहेत. ते जपूनच घ्यावेत : २०१२ च्या पाहणीत फक्त तीस जण होते आणि पाहणी करणारी कंपनी स्वतःच या धंद्यातली होती. सेकंदांपेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते नजर कुठे थांबली ते. नाव, सध्याचे पद आणि कंपनी, आधीचे पद आणि कंपनी, दोन्हींच्या तारखा, शिक्षण. बहुतेक वेळ तिथेच गेला. कोणी काय काम केले आणि कधीपासून कधीपर्यंत केले, एवढेच तो डोळा शोधत होता. उद्दिष्ट आणि छंद त्याच्या वाटेत नव्हतेच.

मग आपण त्या वाचणाऱ्यापुढे काय ठेवतो? विशेषणे. प्रामाणिक, मेहनती, वक्तशीर, चटकन शिकणारा, सगळ्यांशी मिळून-मिसळून वागणारा. यातले एकही विशेषण खोटे असेल असे नाही. अडचण अशी की आळशी माणूसही स्वतःला मेहनतीच म्हणवतो आणि तसे लिहायला त्याला दमडी पडत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली नोकरीच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि त्याच धाग्यावरच्या कामासाठी २००१ चे नोबेल त्यांना दोघा सहकारी विद्वानांसोबत विभागून मिळाले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : मालकाला उमेदवाराची खरी कुवत आधी दिसत नाही, म्हणून तो खुणांवर विसंबतो, आणि खूण विश्वासार्ह केव्हा, तर ज्याच्या अंगी ती कुवत नाही त्याला ती मिळवणे महाग पडते तेव्हा. स्पेन्स पदवीबद्दल बोलत होते. तोच हिशेब रेझ्युमेच्या एकेका ओळीला लावून पाहावा. ‘मेहनती’ ही ओळ फुकट आहे, म्हणून तिला किंमत नाही. ‘दीड वर्ष रात्रपाळीत दोन मशीन एकट्याने चालवली’ ही ओळ खोटी लिहिणे महाग आहे, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न तिच्यावरच येतो, आणि ज्याने ते केलेले नाही तो दुसऱ्या प्रश्नाला अडखळतो. रेझ्युमेतली ओळ ही मुलाखतीतल्या प्रश्नाला दिलेले आमंत्रण असते. ज्या प्रश्नाची आपण वाट पाहत आहोत तोच विचारला जाईल अशी ओळ लिहिणे, हे यातले खरे कसब.

एक-दोन ओळी जवळून पाहू. बी.कॉम. झालेल्या, एखाद्या करसल्लागाराकडे दोन वर्षे काम केलेल्या मुलीच्या बायोडेटात हमखास आढळणारी ओळ म्हणजे ‘टॅली आणि जीएसटीचे चांगले ज्ञान’. ‘चांगले’ म्हणजे किती? व्हाउचर टाकता येतात इथपासून विवरणपत्र भरून वरची नोटीसही निस्तरता येते इथपर्यंत काहीही. तिने प्रत्यक्षात काय केले ते खोदून विचारले, तर कळते की किराणा, कापड आणि औषधांची मिळून बारा दुकाने तिच्याकडे होती. प्रत्येकाची विक्रीची बिले टॅलीत चढवून ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ आणि २० तारखेच्या आत ३-बी ती तयार करून द्यायची. खरेदीची बिले जीएसटीआर-२बीशी ताडून, ज्या पुरवठादारांनी आपले विवरणपत्र भरलेले नाही त्यांची यादी काढून दुकानदारांना फोन करायची. आता हीच गोष्ट तीन ओळींत लिहिली की वाचणाऱ्या व्यापाऱ्याला ‘चांगले म्हणजे किती?’ असे विचारावेच लागत नाही. ज्याचे इनपुट क्रेडिट कुणा तरी पुरवठादारामुळे एकदा अडकले आहे, त्याला त्या फोनांची किंमत बरोबर कळते. कारखान्यातही असेच. ‘सीएनसी-व्हीएमसी मशीनचा अनुभव’ यापेक्षा कोणता भाग काढत होता, किती मायक्रॉनची मर्यादा सांभाळायची होती, इन्सर्ट झिजल्यावर ऑफसेट स्वतः द्यायचा की सेटरला हाक मारायचा, पहिला जॉब तपासून घेण्याची जबाबदारी कोणाची होती, हे लिहिले की ऑपरेटर आणि सेटर यांतली रेषा आपोआप दिसते. त्या रेषेवरच पगार ठरतो. या दोन्ही उदाहरणांत काही सजवलेले नाही. जे घडले ते नेमके सांगितले, इतकेच. आपल्या लोकांना नेमके हेच जड जाते. रोज केलेले काम त्यांना सांगण्याजोगे वाटत नाही. ते तर कुणीही करतो असे वाटते. शिवाय स्वतःच्या कामाचे आकडे सांगणे म्हणजे बढाई, असा एक संस्कार आहे. मला यात बढाई दिसत नाही. ‘मी उत्कृष्ट हिशेबनीस आहे’ ही बढाई. ‘बारा दुकानांचे हिशेब पाहिले’ ही माहिती. संकोच करायचाच तर पहिल्या वाक्याचा करावा, आणि गंमत म्हणजे बायोडेटात नेमके तेच बिनदिक्कत लिहिलेले असते.

यावर पहिला आक्षेप येतो तो नवख्या उमेदवाराचा. ज्याने नोकरीच केलेली नाही त्याने पुरावा आणायचा कुठून? हा आक्षेप वाटतो तितका पक्का नाही. पुरावा कामाचा हवा. पगाराच्या कामाचाच हवा असे कुणी म्हटलेले नाही. बचत गटाचे खजिनदारपद तीन वर्षे सांभाळून बँकेचे कर्ज वेळेवर फेडून घेतलेली बाई, गणपती मंडळाची वर्गणी आणि खर्च जुळवून गावापुढे हिशेब वाचून दाखवणारा मुलगा, वडिलांच्या द्राक्षबागेच्या फवारण्यांची तारीखवार नोंद ठेवणारी कृषी पदविकेची विद्यार्थिनी, हे सगळे काम करूनच बसलेले आहेत. आयटीआयत फिटर झालेल्याने ॲप्रेंटिसशिपच्या वर्षात कोणत्या विभागात किती महिने काढले हे लिहावे; ते वर्ष ‘ॲप्रेंटिस’ या एका शब्दात गुंडाळणे म्हणजे हातचे घालवणे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातला प्रकल्प चौघांचा असतो, तेव्हा त्यातले आपण काय केले ते सांगावे. आणि बाजारातून विकत आणलेला प्रकल्प असेल, तर त्याविषयी मौन बाळगलेले बरे. मंडळाचा हिशेब आणि बँकेतला हिशेब एका तोलाचे आहेत असा माझा दावा नाही. मात्र ज्या जागेसाठी शंभर नवखे सारख्याच पदवीनिशी उभे आहेत, तिथे दुसऱ्याचा पैसा हाताळून त्याचा हिशेब दिलेला माणूस वेगळा दिसतो.

याच आक्षेपाचे एक अवघड रूप खास महाराष्ट्रातले आहे, आणि त्यावर बाहेरच्या पुस्तकांत काही सापडत नाही. स्पर्धा परीक्षेची वर्षे. पुण्याच्या सदाशिव पेठेत, नाशिक-संभाजीनगरच्या अभ्यासिकांत, किंवा गावीच राहून चार-पाच वर्षे एमपीएससीची तयारी केलेला मुलगा तिशीच्या आसपास खासगी नोकरीकडे वळतो, तेव्हा त्याच्या कागदावर पदवी आणि आजची तारीख यांच्या मध्ये एक मोठी पोकळी असते. ती लपवण्याचे दोन प्रकार चालतात : तारखाच गाळायच्या, नाही तर मामाच्या दुकानाचा अनुभव दाखला जोडायचा. दोन्ही फसतात. तारखा गाळल्या की वाचणारा त्या तारखाच शोधतो, आणि दाखल्यातल्या कामाविषयी दोन प्रश्न विचारले की दाखला उघडा पडतो. माझे मत असे की ही वर्षे सरळ लिहावीत. कोणत्या परीक्षेची तयारी, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, पूर्व परीक्षा किती वेळा उत्तीर्ण, मुख्य परीक्षा दिली का, मुलाखतीपर्यंत पोचला का. लाखोंमधून पूर्व परीक्षा पार करणे ही कुवतीची खूण आहे आणि ती खोटी मिळवता येत नाही. निकालाच्या यादीत बैठक क्रमांक असतो. मग त्याच काळात पोटापाण्यासाठी जे केले ते लिहावे. बहुतेकांनी काही ना काही केलेलेच असते : क्लासमध्ये शिकवणे, सराव परीक्षांचे पेपर तपासणे, अभ्यासिकेची व्यवस्था पाहणे, चालू घडामोडींचे टिपण काढून विकणे. आणि एक ओळ अशी असावी की तयारी आता थांबवली आहे. कारण अशा उमेदवाराबद्दल मालकाची खरी शंका कुवतीची नसतेच. पुढची जाहिरात निघाली की हा रजा टाकून पुन्हा पुण्याला जाईल, ही असते. बाळंतपण किंवा घरच्या आजारपणासाठी नोकरी सोडलेल्या बायकांच्या बाबतीतही नियम तोच : कारण एका ओळीत, आणि परत येताना काय नवे शिकून आलो ते दुसऱ्या ओळीत. कैफियत नको.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नोकऱ्या ओळखीने लागतात, कागदाला विचारतो कोण? हे कुणी कडवटपणे म्हटले तरी ते बरेचसे खरे आहे, आणि केवळ आपल्याकडेच खरे आहे असेही नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७० च्या आसपास बोस्टनजवळच्या न्यूटन शहरातल्या २८२ व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय नोकरदारांचा अभ्यास केला, तेव्हा त्यातल्या सुमारे ५६ टक्क्यांना नोकरी ओळखीतूनच कळलेली निघाली. पण त्यांच्या शोधातला महत्त्वाचा भाग पुढे आहे. ज्या माणसाकडून नोकरी कळली तो बहुतेकांच्या बाबतीत फार जवळचा नव्हता. तो वरचेवर भेटणारा माणूस होता असे सहापैकी जेमतेम एकाने सांगितले. उरलेल्यांचा तो अधूनमधून किंवा वर्षाकाठी एखाद्या वेळी भेटणारा परिचित होता. कारण साधे आहे : जवळच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच, नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. ग्रॅनोव्हेटर यांचा विषय रेझ्युमे नव्हता, पण त्यांच्या निष्कर्षातून रेझ्युमेसाठी एक गोष्ट निघते. लांबच्या ओळखीच्या माणसाला आपले काम काय ते माहीत नसते. आत्येबहिणीच्या दिराने ‘पाठव तुझा बायोडेटा, साहेबांना देतो’ असे म्हटले, तर तो साहेबांपुढे आपल्याबद्दल बोलणार कशाच्या आधारावर? आपण पाठवलेला कागद तो मोबाइलवरून पुढे सरकवणार, आणि वर एक ओळ लिहिणार. कागदात सांगण्याजोगे काही असेल तर ती ओळ ‘सर, मुलगा जीएसटीचे पूर्ण काम बघतो’ अशी होते. नसेल तर ‘सर, मुलगा चांगला आहे, बघा जमलं तर’. वशिला खरोखरच भक्कम असेल, मालकच काका असेल, तर कागद लागत नाही हे मान्य. तशा वाचकासाठी हे पुस्तक नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि त्याला पुरते उत्तर माझ्याजवळ नाही. कागद कितीही नेमका असला तरी वर नाव असते, आणि नावावरून जात-धर्म कळतो. सुखदेव थोरात आणि पॉल अट्वेल यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांत आलेल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला होकार येण्याचे प्रमाण दोन-तृतीयांशाच्या आसपास आले आणि मुस्लीम नावाला एक-तृतीयांशाच्या. अमेरिकेत बर्ट्रंड आणि मुल्लैनाथन यांनी बोस्टन व शिकागोमध्ये सुमारे पाच हजार रेझ्युमे पाठवून २००४ साली असेच दाखवले होते : गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा पन्नास टक्के जास्त फोन आले. त्या अभ्यासातला एक निष्कर्ष या पुस्तकाच्या मुळावरच येणारा आहे. रेझ्युमे अधिक चांगला केला, तेव्हा गोऱ्या नावांना त्याचा चांगलाच फायदा झाला. काळ्या नावांना फारच थोडा. म्हणजे चांगल्या कागदाचे फळही सारखे वाटले जात नाही. हे लपवून ‘नीट लिहा, नोकरी मिळेल’ असे सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. बर्ट्रंड आणि मुल्लैनाथन यांनी इतरांसोबत दिल्लीत केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मात्र सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीनुसार फरक आढळला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत तो काही प्रमाणात दिसला. याचा एक अर्थ असा लावता येतो की जिथे कौशल्य कागदावरून मोजता येते तिथे नावाकडे कमी पाहिले जाते, आणि जिथे बोलणे-वागणे अशा धूसर गोष्टी तोलायच्या असतात तिथे पूर्वग्रहाला वाव मिळतो. हा अर्थ सिद्ध झालेला नाही. तरी मला तो पटण्याजोगा वाटतो, आणि म्हणूनच ज्याला नावाचा तोटा सोसावा लागतो त्याने तर मोजता येणारा पुरावा आणखी काटेकोर द्यावा असे मी म्हणेन. शिवाय धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती, फोटो या गोष्टी न मागता देऊ नयेत. पूर्वग्रहाला रसद आपण होऊन कशाला पुरवायची? यापलीकडचे काम कायद्याचे आणि कंपन्यांच्या धोरणांचे आहे. त्याचे ओझे उमेदवाराच्या कागदावर टाकता येणार नाही.

चौथा आक्षेप अगदी ताजा आहे. आता रेझ्युमे लिहिते यंत्र आणि वाचतेही यंत्र. मग माणसाने ही कला शिकावी कशाला? यंत्राची मदत घेऊ नये असे म्हणण्याइतका मी सनातनी नाही. एका ऑनलाइन कामबाजारात जवळपास पाच लाख उमेदवारांवर झालेल्या प्रयोगात, ज्यांना रेझ्युमेतले शुद्धलेखन आणि व्याकरण सुधारून देणारे साधन दिले गेले त्यांना काम मिळण्याचे प्रमाण आठ टक्क्यांनी वाढले, आणि त्यांना घेणारे मालक नंतर नाराजही झाले नाहीत. ज्यांचे काम चांगले पण इंग्रजी कच्चे, अशा आपल्या असंख्य मुलांसाठी ही आनंदाची बातमी आहे. पण २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून गोष्ट व्याकरणापुढे गेली. आता कुणालाही क्षणात गुळगुळीत, भारदस्त परिच्छेद मिळतो. पूर्वी सफाईदार इंग्रजी ही तरी एक खूण होती. ती आता फुकट झाली, आणि स्पेन्स यांच्या हिशेबाने फुकट झालेली खूण बाद. वाचणाऱ्यापुढे पन्नास सारखेच झगझगीत कागद आले की तो पुन्हा तेच शोधतो : कोणते मशीन, किती दुकाने, कधीपासून कधीपर्यंत. यंत्राला आपण हे सांगितले नाही तर ते विशेषणांनी जागा भरते, किंवा त्याहून वाईट म्हणजे आपण न केलेले काम आपल्या नावावर घालते. तेव्हा आधी मराठीत, आपल्या बोलीत, काय केले ते कागदावर उतरवून काढावे आणि मग यंत्राला भाषांतराला बसवावे. वाचणाऱ्या यंत्राबद्दल फार भ्यायचे कारण नाही. मोठ्या कंपन्यांचे सॉफ्टवेअर कागदातला मजकूर उपसून घेते. त्याला तक्ते, दोन रकाने आणि चित्रे कधी कधी पचत नाहीत, म्हणून मांडणी साधी ठेवावी. छापील बायोडेटाचा मोबाइलने फोटो काढून केलेली पीडीएफ बऱ्याचदा त्याला वाचताच येत नाही. मराठीत लिहायचे तर युनिकोडमध्ये. जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली फाइल समोरच्याच्या मोबाइलवर उघडली की अनेकदा नुसती चिन्हांची चटणी दिसते.

खोटे लिहिण्याबद्दल एवढेच. पकडले जाण्याची शक्यता वाढली आहे, कारण भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकाखाली कोणत्या कंपनीत कधी रुजू झालो आणि कधी सोडले याची नोंद असते आणि पडताळणी करणाऱ्या कंपन्या ती मागतात. बनावट अनुभवपत्रे विकणाऱ्यांना ही नोंद सहजासहजी बनवता येत नाही. पण खोट्याचा खरा तोटा मला वेगळा वाटतो : ते लिहिण्याच्या नादात खरे, सांगण्याजोगे काम कागदाबाहेर राहते. लिओनार्दो दा विंचीने १४८२ च्या सुमारास मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला लिहिलेले नोकरीचे पत्र इंग्रजी पुस्तकांत ‘जगातला पहिला रेझ्युमे’ म्हणून मिरवले जाते. युद्धात गुंतलेल्या सत्ताधीशाला त्याने आधी हलवता येणारे पूल, तोफा, सुरुंग आणि आच्छादित गाड्या सांगितल्या, आणि चित्रकला अगदी शेवटी. वाचणाऱ्याची गरज ओळखण्याचा तो धडा म्हणून खरोखरच चोख आहे. मात्र त्यातल्या बहुतेक गोष्टी त्याने तोवर बनवलेल्याच नव्हत्या. ती आश्वासने होती, आणि हे त्यालाही कळत असावे. म्हणून पत्राच्या अखेरीस तो म्हणतो की यातले काही अशक्य वाटत असेल तर हवे तिथे प्रयोग करून दाखवायला मी तयार आहे. ज्याच्याजवळ पुरावा नाही त्याने निदान परीक्षेला उभे राहावे, ही वाट आजही खुली आहे. ‘एक आठवडा मशीनवर काम बघा, मग ठरवा’ असे लहान कारखानदाराला म्हणणारा फिटर तेच करत असतो.

पुढच्या पानांतले नमुने असे लावले आहेत : आधी आयटीआय आणि पदविकेचे, मग पदवीधरांचे, मग मधली काही वर्षे नोकरीबाहेर राहिलेल्यांचे. प्रत्येक नमुन्याच्या डाव्या पानावर उमेदवाराने पहिल्यांदा लिहिलेला असावा असा साचेबंद बायोडेटा आहे, उजव्या पानावर प्रश्न विचारत विचारत तयार झालेला कागद. आणि मध्ये ते प्रश्न. नमुने कल्पित आहेत. उजवी पाने उतरवून काढण्यात अर्थ नाही, कारण ती दुसऱ्याच्या कामाची आहेत. प्रश्न मात्र खुशाल उतरवून घ्यावेत आणि शेजारी बसवलेल्या मित्राला ते विचारायला सांगावेत. आपल्या कामाविषयी आपण स्वतःला जे सांगत नाही ते दुसऱ्याने विचारल्यावर सांगतो. आपण उत्तरे देत असताना मित्राने ‘म्हणजे किती?’ आणि ‘म्हणजे तू काय केलंस?’ हे दोनच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले तरी चालेल. एक पान भरले की थांबावे. दहा वर्षांहून जास्त अनुभव असेल तर दोन. फाइलला ‘न्यू बायोडेटा फायनल २’ याऐवजी स्वतःचे नाव आणि ज्या पदासाठी अर्ज आहे त्याचे नाव द्यावे, आणि वर जो मोबाइल नंबर दिला आहे तो पुढचा महिनाभर चालू ठेवावा.